चावीचा निर्णय पहिल्या घोटाआधी

‘मला चढत नाही, मी व्यवस्थित नेतो गाडी.’ ठाण्यातल्या कुठल्याही परमिट रूमच्या पार्किंगमध्ये रात्री बाराच्या पुढे हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. माझ्या मते सगळा धोका तिथेच आहे. पाय लटपटणं, जीभ जड होणं हे बरंच नंतरचं. दारू आधी बिघडवते ती माणसाची स्वतःबद्दलची पारख. आपण गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहोत का, हे ज्या मेंदूने ठरवायचं, तोच त्या घटकेला असा निर्णय घेण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो. म्हणून हा निर्णय प्यायल्यानंतर, पिणाऱ्याच्या हाती ठेवूच नये. तो पहिल्या घोटाआधी झालेला असावा. आणि तो तसा व्हावा ही जबाबदारी एकट्या चालकावर टाकून बाकीच्यांना मोकळं होता येणार नाही. सोबत बसलेले, बार चालवणारे, पोलिस आणि दारूवर कर घेणारं सरकार, सगळे त्यात येतात.

आधी शरीरात काय होतं ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

दारूला अन्नासारखं पचावं लागत नाही. थोडी जठरातून आणि बरीचशी लहान आतड्यातून ती थेट रक्तात उतरते. पोट रिकामं असेल तर भराभर, जेवलेलं असेल तर सावकाश. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अर्ध्या ते दीड तासाने सर्वांत जास्त होतं. आता शेवटचा पेग घाईने संपवून, बिल देऊन माजिवड्याहून घोडबंदर रोडला लागणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. गाडी सुरू करताना त्याच्या रक्तात जेवढी दारू होती, त्याहून जास्त ती मानपाड्याचा पूल चढताना असते, आणि कासारवडवलीला पोहोचेपर्यंत आणखी वाढलेली असू शकते. निघताना ‘ठीक आहे’ वाटणं त्या क्षणापुरतं खरं असलं तरी पुढच्या अर्ध्या तासाबद्दल ते काहीच सांगत नाही.

मेंदूत दारू दोन बाजूंनी काम करते. पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर ती वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. कपाळामागचा भाग, जो धोक्याचा अंदाज घेतो आणि आपल्याला आवर घालतो, तो लवकर ढिला पडतो. म्हणूनच सुरुवातीला हुशारी आल्यासारखी वाटते, माणूस मोकळा बोलतो, गाडी नेहमीपेक्षा छान चालवतोय असंही त्याला वाटतं. मग लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल आणि हातापायांचा मेळ बिघडतो. डोळ्यांचं तर कुणी बोलतच नाही. समोरून हेडलाइटचा झोत आला की पुन्हा नीट दिसायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो, नजर समोर खिळून राहते आणि कडेने येणारं सुटतं. मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, त्यामागून अचानक रस्ता ओलांडणारा माणूस, वळणारा कंटेनर, खड्डा चुकवणारी दुचाकी हे सगळं एकाच वेळी ध्यानात ठेवणं म्हणजे घोडबंदर रोडवर गाडी चालवणं. आणि अनेक गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याची क्षमता दारू थोड्या प्रमाणातही कमी करते.

एक साधा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबायची ती पलीकडे जाऊन थांबते. पाम बीच रोडवर रात्री कुणी ६० ने जात नाही, हे नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रोज पिणाऱ्यांचा मुद्दा वेगळा मांडायला हवा, कारण ‘चढत नाही’ हे जास्त करून तेच म्हणतात. सवयीने शरीर दारूची बाहेरून दिसणारी लक्षणं दाबायला शिकतं. चाल सरळ राहते, बोलणं स्पष्ट राहतं. पण अचानक समोर काही आल्यावर काय करायचं ते सवयीच्या कामात मोडत नाही, आणि नेमका तिथे असा माणूस उशीर करतो. त्याला ओळखीचा रस्ता पार करता येतो, म्हणून आपण सुरक्षित आहोत असा त्याचा समज दर वेळी आणखी पक्का होत जातो. मला या माणसाची भीती पहिल्यांदा पिणाऱ्यापेक्षा जास्त वाटते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडलं गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. तीस मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात किती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलिलीटरच्या एका स्मॉल पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने दर १०० मिलिलीटरमागे ढोबळमानाने २० मिलिग्रॅमची भर पडते. म्हणजे रिकाम्या पोटी घेतलेला एक लार्ज, म्हणजे ६० मिलिलीटरचा पेगसुद्धा मर्यादा ओलांडायला पुरेसा आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं, म्हणून तेवढीच दारू घेऊन तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त होतं. बारीक चणीच्या पुरुषाचंही तेच.

बिअरबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. ‘फक्त बिअर घेतली’ असं आपल्याकडे काहीच घेतलं नसल्याच्या सुरात सांगितलं जातं. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलीटरची बाटली आठ टक्क्यांची धरली तर तिच्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल भरतं, म्हणजे एका बाटलीत चार स्मॉल पेग. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा वाशीत मित्रांबरोबर दोन बाटल्या पिऊन बाइकला किक मारतो, तेव्हा त्याने आठ स्मॉल पेगांइतकी दारू घेतलेली असते. दारूला हात लावला नाही म्हणून त्याची आई निर्धास्त असते. राज्याचा कायदा पंचवीस वर्षांखालच्यांना कडक दारू द्यायला मनाई करतो. पण ओळखपत्र मागणारा वेटर किती जणांनी पाहिला आहे?

चढलेली दारू उतरवण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांपैकी एकही चालत नाही. लिंबूपाणी नाही, काळी कॉफी नाही, थंड पाण्याची आंघोळ नाही. दारू यकृतच मोडतं, आणि तेही आपल्याच गतीने: १०० मिलिलीटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, थोडं इकडेतिकडे. कॉफीने माणूस जागा राहतो, पण प्यायलेलाच राहतो. झोपेनेही हा वेग वाढत नाही. त्या दोन बाटल्यांचंच उदाहरण घ्या. रात्री दहाला सुरुवात केली तर ७० किलोच्या माणसाच्या रक्तात पहाटे सहाला पन्नासच्या आसपास मिलिग्रॅम शिल्लक असू शकतात. तो झोपून उठलेला असतो, तोंड धुतलेलं असतं, चहाही झालेला असतो, आणि कायद्याच्या भाषेत तो अजून मद्यपी चालकच असतो.

नवी मुंबईसाठी ही सकाळ फार महत्त्वाची आहे. तुर्भ्याच्या एपीएमसी या घाऊक बाजारात पहाटेपासून भाजीचे टेम्पो आणि ट्रक लागतात, जेएनपीटी बंदराकडे कंटेनरची रांग असते, ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बस पहिल्या पाळीला कामगार पोहोचवतात, आणि साडेसहापासून स्कूल बस निघतात. यांतले बहुतेक चालक कष्टाळू, निर्व्यसनी आहेत, त्यांच्यावर मी सरसकट संशय घेत नाही. पण तपासणी मात्र रात्री, बारच्या बाहेर, गाडीवाल्यांची होते. सकाळी सहाला कुणाच्याही तोंडासमोर नळी धरली जात नाही. ज्या चालकाच्या मागे चाळीस मुलं बसतात त्याची गाडी सुटण्याआधी श्वासचाचणी व्हावी, ही मागणी कुठल्याही पालकसभेत पाच मिनिटांत मंजूर व्हायला हवी.

जखमी झाल्यावर काय होतं, याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला की डॉक्टरांपुढे एक कठीण पेच उभा राहतो. बडबडणं, उलटी, गुंगी, हाक मारली तर उशिरा ओ देणं ही सगळी दारूची लक्षणं आहेत, आणि मेंदूत रक्तस्राव होत असल्याचीही तीच आहेत. रस्त्यावर जमलेले लोक ‘पिऊन पडलाय, उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून त्याला फुटपाथवर कडेला सरकवतात. कधी नातेवाईकही घरी नेऊन झोपवतात, आणि जे तास उपचाराचे होते ते झोपेत निघून जातात. त्यात गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव घेऊ शकते. म्हणून दारूचा वास येत असला तरी डोक्याला मार लागलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचंच, आणि नेईपर्यंत श्वास मोकळा राहील अशा बेताने कुशीवर ठेवायचं. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरांची भीती वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १३४ अ अशा माणसाला संरक्षण देतं. दुचाकीस्वारांना हे सगळं जास्त लागू पडतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. दोन चाकांचा तोल दारूने आधी जातो, आणि हेल्मेटचा पट्टा लावायचाही राहून जातो.

सरकारी आकडे मात्र दारूला जवळजवळ निर्दोष ठरवतात. त्याच वर्षीच्या केंद्रीय अहवालात मद्यधुंद किंवा अमली पदार्थ घेतलेल्या चालकांमुळे झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतात, आणि भरधाव वेग सत्तर टक्क्यांच्या घरात. पण गाडी भरधाव का होती? पंचनाम्यात कारणाच्या रकान्यात ‘वेग’ लिहिला की प्रश्न मिटतो. मेलेल्या चालकाचं रक्त तपासलं गेलं का, पळून गेलेल्याचं कधी तपासणार, याची उत्तरं त्या रकान्यात नसतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या अभ्यासांत डोक्याला इजा झालेल्या जखमींमध्ये दारू घेतलेल्यांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त आढळलं आहे. अडीच टक्के ही मोजमापाची उणीव आहे असं मला ठामपणे वाटतं.

पळून जाण्याचा तर फायदाच होतो. जुलै २०२४ मध्ये वरळीत पहाटे एका आलिशान गाडीने मासे घेऊन निघालेल्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला धडक दिली, बाईचा जीव गेला, आणि चालक सापडला दोन दिवसांनी. दोन दिवसांत रक्तातून काय मिळणार? तासाला १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने भरपूर प्यायलेल्याचंही रक्त एका दिवसात कोरं होतं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते ठार झाले, तेव्हा अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं कलम भारतीय न्याय संहितेत लिहिलेलं आहे, पण जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते लागू झालेलं नाही. चालकांची बाजूही खरी होती. जमावाच्या भीतीने पळणारा आणि दारू लपवण्यासाठी पळणारा यांत फरक करायलाच हवा. जवळच्या पोलिस ठाण्यात ठरावीक वेळात हजर होणाऱ्याला सवलत द्या आणि न होणाऱ्याच्या बाबतीत कायद्याने तो प्यायलेला होता असं गृहीत धरा. श्वासचाचणी नाकारणाऱ्याविरुद्ध आजचा कायदा जसं गृहीत धरतो, त्याच धर्तीचं हे होईल.

आता नाकाबंदीकडे येतो. ठाण्यात गटारीला आणि ३१ डिसेंबरला येऊरच्या पायथ्याशी, तीन हात नाक्यावर, कोपरीत पोलिस उभे असतात, आणि त्या दोन दिवसांचा परिणाम दिसतोही. लोक खरोखर रिक्षाने जातात, कुणीतरी एक जण न पिण्याचं ठरवून येतो. याचाच अर्थ असा की भीती काम करते आणि नियोजन जमतं. पण भीती दोनच रात्री असते. शुक्रवारची रात्र, पगाराची रात्र, वर्षातल्या बाकीच्या सगळ्या रात्री रस्ता मोकळा असतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १७ डिसेंबर १९८२ पासून कुठल्याही चालकाला, संशय असो वा नसो, थांबवून श्वासचाचणी घेण्याची पद्धत सुरू झाली आणि दारूमुळे होणारे अपघाती मृत्यू झपाट्याने खाली आले. तिथल्या अनुभवातून शिकण्याजोगी गोष्ट ही की शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडलं जाण्याची शक्यता किती, याला माणूस घाबरतो. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ मात्र संशयाला वाजवी कारण असल्याची अट घालतं. ती अट काढायला हवी. त्याने गरीब दुचाकीवाला अडवला जातो आणि मोठी गाडी सुटते ही लोकांची तक्रारही कमी होईल, कारण मग प्रत्येक गाडी थांबेल.

येऊरच्या बाबतीत तर कुठलीही सबब चालणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या त्या डोंगरावर गाडीने जायला उपवनकडून एकच रस्ता आहे, आणि खाली यायलाही तोच. तिथल्या बंगल्यांतल्या आणि ढाब्यांवरच्या ओल्या पार्ट्यांबद्दल ठाणेकर वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. अंधाऱ्या वळणांवरून रात्री गाड्या उतरतात त्याच रस्त्याने पाड्यांवरचे आदिवासी पायी ये-जा करतात. एका जागी चार पोलिस आणि दोन यंत्रं दर शनिवारी उभी केली तर वरून येणारी एकही गाडी तपासणीविना सुटणार नाही. अख्ख्या महानगरात इतकी सोपी जागा दुसरी नसेल.

सहप्रवाशांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणी किंवा साथ देणाराही शिक्षेला पात्र ठरतो, आणि ठाणे वाहतूक पोलिसांनी वर्षअखेरच्या मोहिमांत सहप्रवाशांवर कारवाई केलेलीही आहे. तेव्हा बराच गहजब झाला, ‘आम्ही तर फक्त बसलो होतो’ असं लोक म्हणाले. पण टेबलावर चार जण असतात तेव्हा चालवणाऱ्याने किती घेतली हे बाकी तिघांना माहीत असतं. चावी मागून घेणं अवघड जातं कारण त्यात मित्राचा अपमान होईल असं वाटतं. दंडाची टांगती तलवार असेल तर तोच मित्र ‘अरे, आम्हालाही पकडतील’ असं म्हणू शकतो आणि कुणाचा मान न दुखावता चावी मिळते. माझ्या ओळखीतल्या एका घरात आता लग्नाच्या हळदीला गाड्यांच्या चाव्या आधीच एका मामांकडे जमा होतात. मामा स्वतः पीत नाहीत. कुणी रुसत नाही, कारण तो नियम रात्री अकराला कुणा एकासाठी केलेला नाही, संध्याकाळी सहाला सगळ्यांसाठी केलेला आहे.

दारूबंदी हे माझं मागणं नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. खारघरचे रहिवासी आपल्या भागात बार नकोत म्हणून लढत आले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण खारघरमध्ये बार नसला तरी बेलापूरला असतो आणि मग माणूस तिथून गाडी चालवत परत येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री थांबवण्याचा आदेश दिला होता. पुढच्याच वर्षी तो महापालिका हद्दीत लागू नसल्याचं स्पष्ट झालं, आणि आपली दोन्ही शहरं त्यातून सुटली. कोण किती पितो हा त्याचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दारूची कुठलीही मात्रा निर्धोक नसल्याचं सांगितलं आहे, ते त्याने आपलं आपण वाचावं. पण रस्ता त्याच्या एकट्याचा नाही.

‘रात्री जायचं कसं?’ हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. बार बंद होतात तेव्हा लोकल थांबलेल्या असतात, रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, ॲपवरची टॅक्सी दोनदा रद्द होते. ज्या शहरात मध्यरात्रीनंतर दारू मिळते पण बस मिळत नाही, त्या शहराने प्यायलेल्याला गाडीकडे ढकललेलंच असतं. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला. यातला अगदी लहान हिस्सा ठाणे आणि नवी मुंबईच्या परिवहन सेवांना शुक्रवार-शनिवारच्या रात्रबससाठी आणि वाहतूक पोलिसांना श्वासचाचणीच्या यंत्रांसाठी द्यावा. परमिट रूमच्या परवान्याचं नूतनीकरण करताना तीन अटी घालाव्यात: दारात श्वासचाचणीचं यंत्र, रात्रभर गाडी ठेवण्याची विनाशुल्क सोय, आणि गाडी घेऊन आलेल्याची चावी ऑर्डर घेण्याआधी काउंटरवर जमा. चावी परत हवी असेल तर यंत्रात फुंकायचं, आकडा तीसच्या वर आला तर गाडी तिथेच राहील आणि माणूस बसने घरी जाईल.